बिस्ली: हजार यार्डांवर झोपण्याआधी भाड्याच्या रायफलचं शून्य तपासा

‘सहाशे यार्डांवर जमलं की हजाराला काय, साइट वर करायची आणि मारायची,’ असं मला ज्यांनी ज्यांनी सांगितलं ते एकतर सहाशेच्या पुढे कधी गेलेले नाहीत किंवा त्यांना माझी गंमत बघायची होती.

जुलैत इंग्लंडमधल्या बिस्लीची इम्पीरियल मीटिंग, म्हणजे तिथली दरवर्षीची रायफल नेमबाजीची स्पर्धा, करून आलो. कोपरं सोलवटलीत, खांदा दुखतोय आणि डोकं अजून तापलेलं आहे, तेव्हा पुढचं सगळं तेवढी सूट देऊन वाचा. स्लिंग (रायफलचा पट्टा) दंडाला कशी बांधायची, झोपून नेम कसा धरायचा हे तुम्हाला येतं असं गृहीत धरलंय. येत नसेल तर आधी वर्षभर क्लबात घासा, मग या.

जायचं कसं ते थोडक्यात. लंडन वॉटरलूहून ब्रुकवुडला उतरायचं. तिथून बिस्लीच्या रेंजांच्या कॅम्पात जाणारी छोटी रेल्वे १९५२ मध्येच बंद पडली, त्यामुळे टॅक्सी करा; जॅकेट, मॅट, स्कोप (टार्गेट आणि वारा बघायची स्टँडवरची दुर्बीण) घेऊन चालत जाण्यात काही शौर्य नाही. भारतातून स्वतःची रायफल आणायची असेल तर व्हिजिटर परमिट लागतं, आणि त्याचा अर्ज ब्रिटनमधल्या यजमानाने पोलिसांकडे करायचा असतो. तो यजमान आधी गाठा, विमानाचं तिकीट नंतर.

सेंच्युरी रेंजवरचे ३००, ५०० आणि ६०० यार्ड क्लबाच्या रायफलने मारले. ऊन होतं, वारा शहाण्यासारखा वागत होता, गुण बरे आले. लिहिण्यासारखं काही नाही.

खरी कथा स्टिकलडाउनची. ही लांब पल्ल्याची रेंज, ८०० ते १२०० यार्ड. टार्गेट रायफल या प्रकारात रायफलवर दुर्बीण चालत नाही, बायपॉड (दोन पायांचा टेकू) चालत नाही. मागे अपर्चर (बारीक भोक), पुढे रिंग, आणि बाकी तुमची हाडं. क्लबाची रायफल त्या दिवशी दुसऱ्याकडे जाणार होती, म्हणून कॅम्पातल्या एका दुकानातून ७.६२ ची रायफल भाड्याने घेतली. फोनवर शब्द होते ‘सगळं धरून’. काउंटरवर गेल्यावर कळलं की स्लिंग वेगळी, मॅट वेगळी, स्कोप ‘सगळ्यात’ आहे पण त्याचा स्टँड नाही. परत करताना बॅरल साफ करण्याचे पैसे निराळे. हे वरचे पैसे मिळून मूळ भाड्याच्या निम्म्याच्या वर गेले. तरी एकवेळ पैसे गेले तर गेले. राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. ‘शून्य अगदी पक्कं आहे, कालच तपासलंय,’ असं मला तोंडावर सांगितलं गेलं.

शून्य म्हणजे वारा नसताना गोळी बरोबर मध्यावर जाते ती साइटची जागा. आता हजार यार्डांवर त्याचा अर्थ काय ते बघा. साइटवरचं एक मिनिट (वेळेचं नव्हे, कोनाचं; अंशाचा साठावा भाग) म्हणजे तिथे साडेदहा इंच. १५५ ग्रेनच्या गोळीला तिथवर पोचायला दीड सेकंद तरी लागतो, आणि आडवा वारा ताशी एका मैलाने बदलला तरी ती साधारण नऊ-दहा इंच सरकते. त्यात वाटेत ती नजरेच्या रेषेपेक्षा दहा-बारा फूट वर चढते, म्हणजे झेंडा जो वारा दाखवतो तोच तिला लागेल याची खात्री नाही. वारा पाठीमागून येत असेल तर आणखी वाईट. जरा कललं की झेंडे डावीकडचे उजवीकडे होतात, आणि एका गोळीला तुमच्या हातात असतात ४५ सेकंद.

‘कॉर्पोरेशन’ ही १००० यार्डांची स्पर्धा. टार्गेटवर मधून बाहेर व्ही-बुल, बुल, इनर, मॅग्पाय, आउटर अशी वर्तुळं, बाहेर जाल तसे गुण कमी. वारा डावीकडून. अंदाजाने साइट सात मिनिटं डावीकडे लावली, पहिला साइटर (सुरुवातीची चाचणीची गोळी) उजवीकडे मॅग्पाय. वाढवलं, दुसरा इनर, तोही उजवीकडे. वाटलं वारा जोरात आहे, आपल्याला कमी दिसतोय. आणखी वाढवलं. मग दोन बुल बसले आणि मी खूश. पुढच्या गोळीला वारा पडला, मला उशिरा दिसलं, डावीकडे आउटर. घाबरून सगळं काढलं, तर परत उजवीकडे. टार्गेट खाली जातं, वर येतं, गोळी लागल्याची खूण म्हणून लावलेली नारिंगी चकती दर वेळी भलतीकडेच, आणि शेजारची बाई शांतपणे माझे गुण लिहितेय.

ती बाई सत्तरीची असावी. एका टार्गेटवर आम्ही आळीपाळीने मारत होतो. मधेच वारा पूर्ण थांबला, झेंडे काठीला चिकटले. तिने साइट शून्यावर आणली, व्ही-बुल. मीही शून्यावर आणली, उजवीकडे मॅग्पाय, मधल्यापासून चांगली अडीच फूट. स्पर्धा संपल्यावर वही परत देताना ती म्हणाली, ‘तुझा वारा ठीक होता रे. तुझी रायफल खोटं बोलतेय.’

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या शांत हवेत ३०० यार्डांवर तपासली. जवळजवळ तीन मिनिटं उजवीकडे! दुकानदाराचं उत्तर: ‘प्रत्येकाची धरण्याची पद्धत वेगळी असते.’ असते ना, पण तीन मिनिटांनी?

म्हणून ऐका. भाड्याची रायफल घ्यायचीच असेल तर ती लांब पल्ल्याच्या दिवशी प्रथमच हातात घेऊ नका. आदल्या दिवशी घ्या, वारा नसताना ३०० वर झाडा आणि शून्य स्वतः वहीत लिहा. ३०० ते १००० पर्यंत साइट किती वर करायची याची नोंद त्याच रायफलची, त्याच गोळीची आणि लेखी मागा. ९०० वरून १००० ला साडेचार-पाच मिनिटं वाढतात, त्यापेक्षा फारच वेगळं काही दाखवलं तर कागद दुसऱ्या कुठल्या तरी रायफलचा आहे. ‘सगळं धरून’ म्हणजे काय काय, याची यादी ईमेलवर घ्या. देत नसतील तर पुढचं दुकान.

साइटरबद्दल लोक वाद घालतात. दुसरा साइटर चांगला लागला तर तो गुणांत धरता येतो. हजारावर तो व्ही-बुल असेल तर मुकाट धरा, पुढचा वारा तुमच्यासाठी थांबणार नाही. स्कोप टार्गेटवर रोखून ठेवण्यापेक्षा थोडा अलीकडे फोकस करून तापलेल्या हवेची थरथर बघा. ती आडवी वाहायची थांबून सरळ वर उकळायला लागली की त्या क्षणी तिथला आडवा वारा मेलेला असतो. मी हे तिसऱ्या दिवशी शिकलो, तुम्ही पहिल्या दिवशी शिका. महागड्या जॅकेटवर पैसे घालवण्याआधी चांगल्या स्कोपवर घाला.

कोल्हापूरकरांनी एक दुपार राखून ठेवावी. इथे ‘कोलापोर’ नावाचा सांघिक सामना होतो, आठ-आठ जणांचे संघ, ३००, ५०० आणि ६०० यार्ड. चषक कोल्हापूरच्या राजांचा, १८७१ पासूनचा. राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडला येऊन गेले आणि परतताना फ्लॉरेन्सला वारले. तेव्हा या स्पर्धा विंबल्डनला भरत. १८९० ला बिस्लीला आल्या. ज्या जिल्ह्याने पुढे तेजस्विनी सावंत आणि स्वप्नील कुसाळे दिले त्याचं नाव सर्रेच्या माळावर दीडशे वर्षं चाललंय, आणि आपल्याकडे कोणाला पत्ता नाही. अंजली भागवत यांची २००२ च्या राष्ट्रकुल स्पर्धांतली चार सुवर्णपदकंही याच बिस्लीतली, पण तो दहा आणि पन्नास मीटरचा खेळ, रेंज वेगळी.

किंग्ज प्राइज या इथल्या सर्वांत मानाच्या स्पर्धेची अंतिम फेरी बघायला मात्र स्टिकलडाउनलाच जावं लागतं. ९०० आणि १००० यार्ड, प्रत्येकी १५ गोळ्या, शंभर जण. विजेत्याला खुर्चीत बसवून खांद्यावरून नेतात. माझा राग तेवढा अर्धा तास विसरलो, हे मान्य. मॅच रायफल या आणखी लांब पल्ल्याच्या प्रकारातले नेमबाज ११०० आणि १२०० यार्डांवर झोपतात तेही इथेच. पहिल्या वर्षी त्यांच्या नादी लागू नका, फक्त मागे उभं राहून त्यांचं वारा वाचणं ऐका. आणि सेंच्युरीहून स्टिकलडाउनला सामान ओढायला चाकांची ट्रॉली आणा. ती कोणी भाड्याने देऊ लागलं तर ‘सगळं धरून’मध्ये चाकं आहेत का ते विचारा.