खर्रा मोजायचा कसा, आणि तो जगापर्यंत न्यायचा कसा

“तंबाखू खाता का?”
“नाही.”
“आणि खर्रा?”
“खर्रा होतो ना, दिवसाचे तीन-चार.”

खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेलं चघळायचं मिश्रण. पूर्व विदर्भातली झाडीपट्टी असो की यवतमाळकडची गावं, घरोघरी सर्वेक्षण करणाऱ्याला हा संवाद पाठ असतो. पहिल्या प्रश्नावर थांबणारी प्रश्नावली या माणसाला ‘तंबाखू न वापरणारा’ म्हणून नोंदवते. ती नोंद तालुक्याहून जिल्ह्याला जाते आणि तिथून शोधनिबंधात. तंबाखू संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी आपला विस्तार कसा करावा, या प्रश्नाचं आमचं उत्तर या चार ओळींपासून सुरू होतं.

सोसायटी फॉर रिसर्च ऑन निकोटीन अँड टोबॅको ही या विषयातली मोठी संस्था. ती १९९४ साली अमेरिकेत सुरू झाली आणि १९९९ पासून ‘निकोटीन अँड टोबॅको रिसर्च’ हे नियतकालिक काढते. अशा संस्थांच्या आधाराने घडलेल्या प्रश्नावल्या, अवलंबित्वाच्या मोजपट्ट्या, तपासण्यांचे निकष चांगले आहेत, पण त्यातले बहुतेक सिगारेट समोर ठेवून बनले. आपल्याकडे चित्र उलटं आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात देशातले २८.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले: ओढणारे १०.७ टक्के, धूरविरहित वापरणारे २१.४ टक्के (दोन्ही करणारे दोन्हीकडे मोजले जातात). महाराष्ट्रात ओढणारे ३.८ आणि धूरविरहित २४.४ टक्के. अशा राज्यात सदस्यांची यादी वाढली म्हणजे संस्था पोचली असं होत नाही. गोंदियातल्या खर्र्याचा आकडा आणि स्वीडनच्या स्नूसचा (ओठाखाली ठेवायच्या तंबाखूचा) आकडा शेजारी ठेवून वाचता आला, की ती पोचली. त्यासाठी खर्र्याला माप हवं, आणि ते पानठेल्यावरच ठरवावं लागतं.

‘एक खर्रा’ हे विक्रीचं एकक आहे, वजनाचं नाही. कातरलेली सुपारी, तंबाखू, चुना आणि पाण्याचा शिपका पन्नीवर (प्लास्टिकच्या तुकड्यावर) घेऊन घोटला की खर्रा तयार होतो. (पश्चिम महाराष्ट्रातला मावा याचाच भाऊबंद.) एकदा घोटला की त्यातली सुपारी किती, तंबाखू किती, हे नीट वेगळं काढता येत नाही. म्हणून वजन घोटायच्या आधी करायचं. सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा खिशातला काटा पुरतो, मात्र रोज सकाळी ठरलेल्या वजनाने तो तपासून घ्या आणि पंख्याखाली ठेवू नका. गावातले किमान तीन ठेले निवडा. प्रत्येक ठेल्यावर दहा खर्र्यांसाठी सुपारी, तंबाखू आणि चुना वेगवेगळा तोला, आणि शेवटी घोटलेल्या मालाचंही वजन घ्या. एकच खर्रा तोलून सरासरी लिहिणं ही हमखास होणारी चूक आहे. ठेलेवाला चिमटीने तंबाखू टाकतो, त्याची चिमूट गिऱ्हाईक पाहून बदलते. ‘कडक’ मागणाऱ्याचा खर्रा वेगळा, नव्या पोराचा वेगळा. म्हणून सरासरीसोबत सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त वजनही द्या. तंबाखू साधी की सुगंधी, घोटणं हाताने की मशीनने, तेही त्याच ओळीत.

चुना हा दुय्यम घटक समजून लोक सोडून देतात, आणि तिथेच सगळं बिघडतं. निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतून शोषलं जायला मुक्त रूपात असावं लागतं, आणि ते रूप पीएचवर ठरतं. पीएच ७ ला जेमतेम दहावा हिस्सा मुक्त असतो, ८ ला निम्मा, ९ ला सुमारे ९० टक्के. म्हणजे तंबाखू तेवढीच ठेवून चुन्याचं बोट थोडं जड झालं, तरी माणसाला मिळणारं निकोटीन कितीतरी वाढतं. पीएचसाठी कागदी पट्टी चालत नाही, सुपारीच्या रंगाने तिचा रंग वाचताच येत नाही. मीटर वापरा, तो ७ आणि १० पीएचच्या बफरवर (पीएच आधीच ठाऊक असलेल्या द्रावणावर) जुळवून घ्या, आणि नमुना डिस्टिल्ड पाण्यात ढवळून त्याच दिवशी मोजा. दुसऱ्या दिवसापर्यंत चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने मंदावतो आणि आकडा खाली येतो. दोन गावांचे नमुने वेगवेगळ्या दिवशी मोजले तर हा फरक गावांचा म्हणून छापला जाईल.

एक सावधगिरी. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर अन्नसुरक्षा कायद्याखाली बंदी आहे, आणि पुढच्या आदेशांत खर्रा-मावाही आला. तेव्हा नमुन्यासाठी खर्रा विकत घेणार आहात, हे नैतिकता समितीच्या प्रस्तावात स्पष्ट लिहा, आणि ठेल्यांना नावाऐवजी क्रमांक द्या. ठेलेवाल्याची ओळख बाहेर गेली तर त्याच्यावर कारवाई होऊ शकते, आणि पुढच्या संशोधकाला त्या गावात कुणी उभं करणार नाही.

आता प्रश्न. धूरविरहित तंबाखूसाठी फागरस्ट्रॉमच्या चाचणीचं, म्हणजे निकोटीनवरचं अवलंबित्व मोजणाऱ्या प्रश्नावलीचं, जे रूप वापरतात, त्यात आठवड्याला किती डबे लागतात असं विचारलेलं असतं. पन्नीचा माणूस तिथे अडतो. ‘दिवसाला किती खर्रे’ हेही पुरत नाही. एक पन्नी चौघं मिळून खातात किंवा एकटा माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत पुरवून खातो, आणि दोघांचं उत्तर ‘एक’च येतं. म्हणून प्रश्न असे तोडा: काल किती पन्न्या विकत घेतल्या, किती कुणी दिल्या, त्यात किती जणांचा वाटा होता, काल एकूण किती वेळा तोंडात टाकला, एकदा टाकला की किती वेळ ठेवला, थुंकला की गिळला. ‘साधारणपणे’ विचारू नका, ‘काल’ विचारा, आणि काल आठवडी बाजार होता का, लग्न होतं का, याची खूण शेजारी करा. ‘किती कुणी दिल्या’ हा प्रश्न गाळू नका. शेतावर मजुरीसोबत खर्रा दिला जातो, कार्यात ताटात येतो. फक्त विकत घेतलेला मोजला तर मजूर बायांचा बराचसा वापर हरवतो.

बायांचा विषय निघालाच आहे तर: दात घासायच्या तंबाखूला त्या तंबाखू म्हणत नाहीत. ‘दाताला काय लावता’ असं वेगळं विचारावं लागतं, विचारणारी बाई असावी लागते, आणि सासू उंबऱ्यात उभी असताना विचारू नये.

भाषांतर करताना इंग्रजी प्रश्न मराठीत आणून एकाकडून परत इंग्रजीत करून घ्या, आणि हा दुसरा माणूस मूळ प्रश्न न पाहिलेला असावा. पुस्तकी मराठी मात्र टाळा. ‘तीव्र इच्छा’ नको, ‘तलफ’ लिहा. ‘मागील तीस दिवसांत’ असं विचारल्यावर मिळणारं उत्तर अंदाजाचं असतं. पोळा झाल्यापासून, मागचा बाजार झाल्यापासून असं विचारलं तर माणूस आठवून बोलतो. गडचिरोलीतल्या कोरची-भामरागडकडे गोंडी आणि माडिया बोलणाऱ्या गावांत मराठी प्रश्नावली हीसुद्धा परभाषाच असते, हे विसरू नये. आणि सोडल्यावरच्या त्रासाच्या यादीत ‘संडास साफ होत नाही’ ठेवाच. खर्रा पुन्हा सुरू करायचं हे कारण इथे सर्रास सांगतात, आणि निकोटीन सुटल्यावर बद्धकोष्ठ होतो हे वैद्यकशास्त्रालाही मान्य आहे.

सर्वेक्षणाचा महिना आकड्यात उतरतो. मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या तोडाईला घरं पहाटेच रिकामी होतात, दिवाळीनंतर कापसाच्या वेचणीत तेच. दुपारी घरी सापडणारी माणसं म्हणजे म्हातारी आणि आजारी. त्या दिवसांत सूर्य उगवायच्या आत किंवा रात्री जेवणवेळी जा, नाहीतर महिना बदला.

तपासणीत सगळ्यात मोठा खड्डा सुपारीचा आहे. श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजायचं यंत्र खर्र्यासाठी निरुपयोगी, कारण इथे काही जळतच नाही. कोटिनिन, म्हणजे शरीरात निकोटीनपासून तयार होणारा पदार्थ, मोजलेलं चालतं. त्याचं अर्धायुष्य (शरीरातलं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ) साधारण १६ ते २० तास, त्यामुळे गेल्या दोन-तीन दिवसांतला वापर कळतो. लाळेपेक्षा लघवी घेतलेली बरी, कारण तोंडातल्या तंबाखूने लाळेचा नमुना खराब होतो. लाळच घ्यायची असेल तर चूळ भरवून थोडं थांबा. कोटिनिन तपासायच्या पट्ट्या सहसा ३० अंशांच्या आत ठेवायच्या असतात. चंद्रपूरच्या ४५ अंशांत जीपच्या डॅशबोर्डवर राहिलेली पट्टी फिकी रेघ दाखवते, आणि मग वाचणारे दोघे दोन उत्तरं देतात. निकोटीनचं च्युइंगगम घेणाऱ्याचंही कोटिनिन सापडतं, तेव्हा तशी नोंद आधी करा.

आता खड्डा. कोटिनिन तंबाखू सुटली एवढंच सांगतं. खर्रा सोडून साधी सुपारी चघळणारा माणूस या तपासणीत ‘यशस्वी’ ठरतो. पण सुपारी एकटीही कर्करोगकारक आहे, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच नोंदवलं, आणि तोंड आखडण्याचा आजार, सबम्युकस फायब्रोसिस, मुख्यतः सुपारीनेच होतो. जैविक पडताळणीवर वर उल्लेखलेल्या सोसायटीचे २००२ आणि २०२० चे अहवाल आहेत, ते वाचूनच काम करा. पण खर्र्याच्या अभ्यासात ‘तंबाखू सुटली’ आणि ‘सुपारी सुटली’ असे दोन वेगळे निकाल द्या. सोबत वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर व्हर्नियरने मिलिमीटरमध्ये मोजा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि इतर देशांतल्या सुपारीच्या अभ्यासांशी तुलना करायला हा आकडा लगेच कामी येतो. तिखट लागलं की तोंड जळतं का, हेही विचारा. सापडलेल्या प्रत्येक संशयित माणसाला कुठे पाठवायचं हे ठरवल्याशिवाय तोंड तपासायला सुरुवात करू नये, यावर आम्ही अडून बसतो.

परदेशी भागीदार असेल तर कागदांचा क्रम पाळा. आधी स्थानिक नैतिकता समिती, मग भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेमार्फत (आयसीएमआर) आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची परवानगी. नमुने देशाबाहेर जाणार असतील तर त्याचा करार वेगळा. उपचाराची चाचणी असेल तर सीटीआरआयवर (भारतातल्या चाचण्यांच्या नोंदवहीत) नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधी, नंतर केलेली चांगली नियतकालिकं मान्य करत नाहीत. पैशांचं सगळ्यात कमी लोकांना ठाऊक असतं. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली (एफसीआरए) आलेला निधी एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, तो स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा २० टक्के आहे. म्हणजे मुंबई-दिल्लीतल्या संस्थेला अनुदान देऊन ‘ती खाली पोचवेल’ हा परदेशी मंडळींचा नेहमीचा आराखडा कायद्यातच बसत नाही. हे त्यांना पहिल्याच पत्रात सांगा. लेखकांची नावं आणि क्रमही तेव्हाच लिहून घ्या. गावात वर्षभर फिरलेल्या माणसाचं नाव आभारात ढकललं जातं ते याच कागदाअभावी.

शोधसारांश पाठवताना खर्रा या शब्दाचं रोमन स्पेलिंग एकच ठेवा, पहिल्या वाक्यातच त्यातले घटक सांगा, आणि सूचक शब्दांत धूरविरहित तंबाखू आणि सुपारी या दोन्हींचे पबमेड या वैद्यकीय निबंधसूचीतले ठरलेले शब्द द्या. नाहीतर तैवान किंवा पापुआ न्यू गिनीतला सुपारीचा अभ्यासक तुमच्यापर्यंत पोचणारच नाही, आणि तुमचा खरा वाचक तोच आहे. वर्गणीवर चालणाऱ्या किंवा मिश्र नियतकालिकात वर्गणीचा मार्ग निवडला तर लेखकाला छपाईचं शुल्क सहसा पडत नाही, घाबरून बोगस नियतकालिकाकडे वळू नका. वाचण्यासाठी १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ आहे: ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. पण ते सरकारी संस्थांनाच. खासगी महाविद्यालय किंवा गावात काम करणारी संस्था बाहेरच राहते.

आंतरराष्ट्रीय संस्थांकडून मागायचं ते इथेच. वर्गणीची सवलत रिसर्चफोरलाइफसारख्या (गरीब देशांना नियतकालिकं फुकट किंवा स्वस्तात देणाऱ्या योजनेच्या) याद्यांवरून ठरवू नका. देशाचं एकूण उत्पन्न मोठं म्हणून भारत त्यांत बसत नाही, आणि गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोऱ्यातला आरोग्य कार्यकर्ता त्या उत्पन्नाचा धनी नव्हे. ऑनलाइन चर्चासत्र अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेने सकाळी ११ ला ठेवलं तर इथे उन्हाळ्यात रात्रीचे साडेआठ आणि हिवाळ्यात साडेनऊ वाजतात. चालेल, पण वीज गेली तर ऐकता यावं म्हणून नुसत्या आवाजाची छोटी फाइल नंतर द्या. खर्र्यावरचा निबंध तपासायला सुपारी समजणारा परीक्षक नेमा. बैठक दर वेळी महानगरात कशाला? सेवाग्रामला, नागपूरला रेल्वेने देशातून कुठूनही येता येतं. नोएडाच्या राष्ट्रीय कर्करोग प्रतिबंध व संशोधन संस्थेत धूरविरहित तंबाखूचं जागतिक ज्ञानकेंद्र २०१६ पासून आहे. गडचिरोलीत त्याच वर्षापासून ‘मुक्तिपथ’ या दारू-तंबाखूमुक्तीच्या कार्यक्रमाचं गावपातळीवरचं काम आहे. त्यांना वगळून नवी शाखा उघडण्यापेक्षा त्यांच्यासोबत मोजमापाची एकच पद्धत ठरवणं आम्हाला जास्त मोलाचं वाटतं.

निबंध छापून आला की त्याचं एक पान मराठीत करा. मोठी अक्षरं, ठेल्यांचे क्रमांकसुद्धा वगळलेले, सरासरी पन्नीत तंबाखू किती ग्रॅम आणि सुपारी किती ग्रॅम, गावात किती जणांचं तोंड तीन बोटांपेक्षा कमी उघडतं, आणि सोडायचं असेल तर १८००-११-२३५६ हा मोफत राष्ट्रीय क्रमांक. ते ग्रामसभेत वाचून दाखवायचं, बाजाराचा दिवस सोडून.