नावापुढची खूण

मुलांना कॉलेज प्रवेशासाठी मदत करणाऱ्या आमच्या केंद्राच्या भिंतीवर त्यांच्या नावांचा तक्ता आहे. प्रवेश मिळाला की नावापुढे बरोबरची खूण करायची, आमच्या लेखी काम झालं. एका मुलीच्या नावापुढची खूण मीच केली होती. घरातून कॉलेजात जाणारी ती पहिलीच. अर्जासोबतच्या निबंधाचे सहा खर्डे आम्ही शेजारी बसून केले होते.

दीड महिन्यानंतर सहज फोन केला. जागा निश्चित करायची मुदत त्याच दिवशी संध्याकाळी पाचला संपत होती. "फॉर्म भरलास ना?"

बराच वेळ काहीच नाही. मग, "ताई, मी नाही जाणार. माझं मनच नाही."

मन नाही, हे मी या कामात खूपदा ऐकलंय. त्यामागे बहुतेक वेळा एखादा कागद निघतो. म्हटलं, "बरं, नको जाऊस. पण कॉलेजकडून आलेलं सगळं घेऊन ये."

दोन वाजता ती आईबरोबर आली. पत्राच्या पहिल्याच पानावर वर्षभराचा एकूण खर्च, ठळक अक्षरांत. तो आकडा बघून तिने पत्र मिटलं होतं आणि घरात कोणालाही दाखवलं नव्हतं. "बाबांनी कर्ज काढलं असतं," एवढंच म्हणाली. शिष्यवृत्ती वजा जाऊन उरणारी रक्कम तिसऱ्या पानावर होती, बारीक टायपात. शिवाय त्या मोठ्या आकड्यात पुस्तकं, प्रवास असे अंदाजाने धरलेले खर्चही होते, जे कॉलेजात भरायचेच नसतात. हे तिला सांगणं माझं काम होतं, आणि मी केव्हाच पुढच्या तुकडीकडे वळले होते.

या गळतीला अमेरिकेत 'समर मेल्ट' म्हणतात. बेंजामिन कॅसलमन आणि लिंडसे पेज या संशोधकांनी तिचा अभ्यास केलाय. प्रवेश पक्का झालेली मुलं कॉलेज सुरू होण्याआधीच्या उन्हाळी सुट्टीतच गळतात, कमी उत्पन्नाच्या घरांतली जास्त. त्यांच्या प्रयोगांत काही ठिकाणी मुदतीची आठवण देणारे साधे मोबाइल संदेशही उपयोगी पडले. मी हे वाचलं होतं. तक्ता मात्र तोच ठेवला होता.

मग धावपळ. उत्पन्नाचा कागद घरी राहिला होता, धाकट्या भावाने त्याचा फोटो पाठवला, तो धूसर, पुन्हा मागवला. साइट दोनदा अडकली. पालकांच्या सहीची वेळ आली तेव्हा इतका वेळ गप्प असलेली आई म्हणाली, "माझी चालेल का? मला वेळ लागतो." आम्ही थांबलो. एकेक अक्षर जुळवत त्यांनी सही केली.

चार चाळीसला पोचपावती आली. काकूंनी ती मला मोठ्याने वाचायला लावली. दोनदा.

त्या गेल्यावर तक्त्यावर मी नवा रकाना आखला: 'पहिल्या दिवशी वर्गात बसली/बसला'. खूण असलेली एकूण अकरा नावं होती, रकाना सगळ्यांपुढे रिकामा. उरलेल्या दहा जणांना फोन लावायला बसले. दोघांचे फोन बंद लागले.