तुरुंगात प्रश्नावली घेऊन बसल्यावर

परवा मैत्रिणीने विचारलं की तुरुंगातल्या लोकांच्या तब्येतीवर रिसर्च करतेस म्हणजे नेमकं करतेस तरी काय, आणि मला पटकन सांगताच येईना, म्हणून इथे लिहितेय.

लोकांना वाटतं सगळे एकाच जागी असतात, सॅम्पल आयतं मिळतं, फॉर्म भरून घेतले की झालं. पण समोरचा माणूस मनापासून हो म्हणतोय की नाही म्हणायची भीती वाटते म्हणून मान डोलावतोय, हे ओळखायचं कसं? त्यात या क्षेत्राचा इतिहास वाईट आहे. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात १९५१ ते १९७४ कैद्यांच्या कातडीवर औषधांचे, केमिकल्सचे प्रयोग चालले, चार पैसे मिळायचे म्हणून माणसं पाठ पुढे करायची, कागदावर सह्यासुद्धा होत्या. त्याला संमती म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

एकदा चाळिशीचा एक माणूस समोर होता. मी संमतीपत्र सावकाश वाचून दाखवलं, त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, याने लवकर सुटेन का?" म्हटलं नाही, काहीच फरक पडणार नाही. मग आवाज खाली करून म्हणाला, "आणि सही नाही केली तर ते कुणाला कळेल?" दार अर्धवट उघडं होतं आणि दारातच शिपाई उभा होता. मी बाहेर जाऊन विनंती केली की आम्ही दिसू पण ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर थांबा, ते थांबले, मग परत पहिल्यापासून सगळं वाचलं.

प्रश्नावली नैराश्याची, पीएचक्यू-९, जगभर वापरतात, गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न आणि प्रत्येकाला ० ते ३ मार्क. झोपेच्या प्रश्नाला तो म्हणाला, "बराकीतला लाइट रात्रभर चालू असतो, रोजच झोप लागत नाही." मी ३ लिहिलं. आता हे नैराश्य की तो बल्ब? भूक, थकवा, लक्ष न लागणं, सगळ्याच प्रश्नांचं तेच. म्हणून आता मी मार्क लिहिते आणि शेजारी माणसाचं वाक्यही लिहिते, वेळ दुप्पट लागतो, लागू दे.

आजार नाहीच असं मात्र अजिबात नाही हं. २००२ मध्ये लान्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये १२ देशांतल्या ६२ सर्वेक्षणांचा एकत्र आढावा आला होता, त्यात साधारण दर सातातल्या एका कैद्याला सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटणारा आजार, किंवा गंभीर नैराश्य होतं. एवढी माणसं आजारी आणि बोलायला जागा नाही, हे मला फार लागतं.

आणि सुटल्यावर सगळं ठीक होतं असंही नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातून सुटलेल्या सुमारे ३०,००० जणांचा अभ्यास २००७ मध्ये आला, सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूचा धोका इतरांच्या जवळपास १३ पट, सगळ्यात मोठं कारण ड्रग्जचा ओव्हरडोस. आत राहून शरीराची सवय मोडलेली असते आणि माणूस बाहेर येऊन जुनाच डोस घेतो. त्यामुळे आमचा अभ्यास गेटपाशी संपतो तेव्हा मला तो अर्धवट वाटतो.

प्रश्नावलीतला नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तो विचारण्याआधी मी स्पष्ट सांगते की जिवाला धोका वाटला तर मला हे डॉक्टरांना सांगावं लागेल. हे ऐकल्यावर बरेच जण गप्प होतात, कारण खरं बोललं तर वेगळ्या कोठडीत एकटं ठेवतील ही धास्ती असते. मंडेला नियमांत, म्हणजे कैद्यांना कसं वागवावं याच्या संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या नियमांत, सलग १५ दिवसांपेक्षा जास्त एकांतवासाला बंदी आहे, पण घाबरलेल्या माणसाला तर एक रात्रही पुष्कळ झाली.

त्या चाळिशीच्या माणसाने आठ उत्तरं दिली, नवव्याला दाराकडे बघितलं आणि म्हणाला, "हा राहू द्या." मी राहू दिला, पण डॉक्टरांना भेटायचं असेल तर नाव कसं द्यायचं ते सांगून निघाले. डेटा एन्ट्रीत ती जागा 'मिसिंग' म्हणून गेली. माझ्या वहीत लिहिलंय, दाराकडे बघितलं.