नाव दातेरी चाकाचे, काम मळसूत्राचे

हाताने चालवायच्या अवजारांपैकी रॅचेट ड्रिलबद्दल जेवढा गैरसमज आहे तेवढा क्वचितच दुसऱ्या कशाबद्दल असेल, आणि त्याला बरेचसे त्याचे नावच जबाबदार आहे. नाव ऐकले की डोळ्यांपुढे दातेरी चाक येते, त्यावर कटकट वाजत सरकणारी खिटी येते, आणि या अवजाराची सगळी करामत तिथेच असावी असे वाटून जाते. काही महिन्यांपूर्वी एक जुने, गंजून घट्ट बसलेले रॅचेट माझ्या हाती आले. ते रॉकेलमध्ये भिजवून, सुटे करून, पुन्हा जोडून आणि मग २० मिमी जाडीच्या पोलादी पट्टीवर चालवून पाहिल्यावर माझे मत असे झाले की दातेरी चाक ही त्यातली केवळ सोय आहे. पोलादात भोक पाडते ते डोक्यावरचे मळसूत्र आणि त्याच्यामागे उभा असलेला टेकू. (पुढे सगळीकडे अवजाराला ‘रॅचेट’ आणि त्यात बसणाऱ्या कापणाऱ्या भागाला ‘ड्रिल’ म्हटले आहे.)

रचना थोडक्यात अशी असते. मधोमध एक जाड स्पिंडल, म्हणजे फिरणारा आस, असते. त्याच्या खालच्या टोकाला चौकोनी, आत निमुळते होत जाणारे खोबण असून त्यात ड्रिलची तशीच चौकोनी निमुळती शेपटी बसते. स्पिंडलच्या मध्यावर दातेरी चाक असते, बहुधा स्पिंडलच्याच पोलादातून घडवलेले, आणि लांब दांड्याचे दोन जबडे ते चाक वरून व खालून कवेत घेतात. खिटी आणि तिची स्प्रिंग याच जबड्यांत असतात. स्पिंडलच्या वरच्या भागावर आटे पाडलेले असतात आणि त्यांवर एक लांब, टोपीसारखा नट चढतो. नटाच्या माथ्यावर पाणी देऊन कठीण केलेले, शंकूच्या आकाराचे टोक असते, आणि अंगावर आडवी सळई घालून तो फिरवता यावा म्हणून भोके असतात. हे टोक टेकूच्या आडव्या हाताखालच्या खळग्यात बसते. टेकू म्हणजे कामाला बोल्टने किंवा क्लॅम्पने घट्ट आवळलेला उभा खांब आणि त्यावर सरकणारा आडवा हात. इंग्रजी बोलणारे कारागीर या टेकूला ‘ओल्ड मॅन’, म्हणजे म्हातारा म्हणतात. पाठ वाकवून, न हलता, सगळा भार अंगावर घेणाऱ्या या भागाला ते नाव शोभते.

आता दाबाचा हिशेब पाहू, कारण बाकीची सगळी रचना त्यातूनच निघते. लाकडात भोक पाडणाऱ्या गिरमिटाच्या टोकाला स्वतःचे आटे असतात. ते लाकडात शिरून गिरमिटाला आत ओढून घेतात, म्हणून सुताराला वरून फारसे दाबावे लागत नाही. पोलाद असे कोणाला आत ओढून घेत नाही. माइल्ड स्टीलमध्ये २० मिमी व्यासाचे ड्रिल एका फेऱ्यात जेमतेम ०.१ मिमी पुढे न्यायचे म्हटले तरी त्याच्यामागे साधारण ३०० किलोचा दाब लागतो, तर फिरवण्यासाठी लागणारा पीळ साधारण १५ न्यूटन-मीटर, म्हणजे ४०० मिमी लांबीच्या दांड्याच्या टोकाशी चार किलोपेक्षाही कमी जोर. फिरवणे लहान मुलालाही जमेल. दाबणे मात्र कोणा पहिलवानाच्याही आवाक्यातले नाही, कारण माणूस छाती टेकवून फार तर काही दशक किलोंचा दाब बराच वेळ टिकवू शकतो. छातीने दाबायचा हँड ड्रिल दहाबारा मिमीच्या पुढे हतबल का होतो, ते या दोन आकड्यांवरून कळते.

मळसूत्र ही अडचण सोडवते. माझ्या रॅचेटच्या आट्यांचा अंतराल, म्हणजे एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतचे अंतर, २.५ मिमी आहे आणि आट्यांचा सरासरी व्यास २४ मिमी भरतो. घर्षण धरून हिशेब केला तर १०० मिमी लांबीच्या आडव्या सळईच्या टोकाशी साधारण सहा किलोचा जोर लावला की टोकावर ३०० किलोचा दाब उभा राहतो. या मळसूत्राची कार्यक्षमता जेमतेम पाचवा हिस्सा आहे, म्हणजे लावलेल्या श्रमाचे चार भाग घर्षणात जातात. इथे मात्र ते वाया गेले असे म्हणता येत नाही, कारण आट्यांचा चढ दोन अंशांहूनही कमी आणि घर्षणाचा कोन (ज्या चढापर्यंत घर्षण घसरू देत नाही तो) त्याच्या चौपट असल्यामुळेच नट दाबाखाली आपोआप उलटा फिरत नाही. कारागीर सळईवरचा हात काढून दोन्ही हातांनी दांडा धरतो तेव्हा दाब जिथल्या तिथे राहतो. अधिक कार्यक्षम मळसूत्र या जागी निरुपयोगी ठरले असते.

या नटाची आणखी एक खुबी माझी फजिती होईपर्यंत माझ्या लक्षात आली नव्हती. दांड्याने स्पिंडल घड्याळाच्या दिशेने फिरते. त्या वेळी नट जागीच थांबला, तर उजवे आटे असलेले स्पिंडल त्यातून खाली उतरू लागेल आणि प्रत्येक फेऱ्याला ड्रिलला पूर्ण २.५ मिमी पुढे ढकलेल. ही चाल हव्या त्या चालीच्या पंचवीस पट झाली. तसे होऊ नये यासाठी कापताना नट स्पिंडलबरोबरच फिरायला हवा, आणि तो तसा फिरतो, कारण त्याला स्पिंडलशी बांधणारे आट्यांचे घर्षण १२ मिमी त्रिज्येवर काम करते, तर त्याला टेकूशी धरून ठेवणारे टोकाचे घर्षण अवघ्या एकदोन मिमी त्रिज्येवर. टोक अणकुचीदार ठेवण्याचे खरे कारण हेच आहे. मला मिळालेल्या रॅचेटचे टोक वर्षानुवर्षांच्या दाबाने चपटे होऊन कडेने पसरले होते. मी आट्यांना भरपूर तेल दिले, ते छान सुळसुळीत केले, आणि टोक मात्र तसेच गंजके, कोरडे ठेवले. परिणामी दांड्याच्या प्रत्येक ओढीला नट मागे राहू लागला, दाब न मागता वाढत गेला, आणि चौथ्या-पाचव्या ओढीला ड्रिल असे काही अडकले की ते सोडवायला नटावर पाना लावावा लागला. टोक पुन्हा शंकूसारखे करून, पाणी देऊन, खळग्यात ग्रीस भरल्यावर तोच नट शहाण्यासारखा स्पिंडलबरोबर फिरू लागला. तेल आधी टोकाला द्यावे आणि आट्यांना हातचे राखून, हे त्या दिवशी समजले.

नट आपोआप थोडा थोडा फिरवून दाब कायम ठेवणाऱ्या रचनाही केल्या गेल्या आहेत. ओबडधोबड कामासाठी मला त्यांचे फारसे आकर्षण वाटत नाही, कारण धूळ, चिखल आणि पावसात त्यांचे बारीक भाग आधी रुसतात, आणि दाब किती द्यायचा ते सळई धरलेल्या हाताला नेमके कळत असते.

टेकूच्या बाबतीत सहज सुचणारा विचार असा की तो जितका ताठ तितका चांगला. हे पूर्ण खरे नाही. समजा ३०० किलोच्या दाबाखाली टेकूचा हात १ मिमी वाकतो. मग ड्रिल कापत पुढे जाते तसा तो वाकलेला हात स्प्रिंगसारखा सरळ होत दाब देत राहतो, आणि फेऱ्याला ०.१ मिमीच्या हिशेबाने दहाएक फेऱ्यांत दाब संपतो. दर दोन-तीन फेऱ्यांनी नट थोडा आवळला की कापणे बऱ्यापैकी एकसारखे चालते. टेकू अगदी ताठ असेल तर अर्ध्या फेऱ्यातच दाब निघून जाईल, ड्रिल नुसते घासत बसेल, आणि कारागिराचा अर्धा वेळ सळईवरच खर्च होईल. टेकू फार लवचीक असला, तर त्याची किंमत भोक आरपार निघताना चुकवावी लागते. ड्रिलच्या मधल्या बोथट धारेवरच दाबाचा जवळजवळ निम्मा भाग खर्च होत असतो. ती धार खालून बाहेर पडली की विरोध एकदम कमी होतो, पण वाकलेल्या टेकूत साठलेला दाब तसाच असतो आणि तो ड्रिलला पुढे झोकून देतो. बाजूच्या धारा उरलेल्या पातळ कड्यात खोल रुततात आणि ड्रिल तरी मोडते किंवा दांडा हाताला हिसका देतो. म्हणून खालच्या बाजूला फुगवटा दिसू लागताच नट थोडा सैल करून शेवटचा भाग अगदी हलक्या दाबाने काढावा लागतो.

आता ज्याच्यावरून नाव पडले त्या चाकाकडे वळू. माझ्या रॅचेटला १२ दाते आहेत, म्हणजे खिटी एक दाता ओलांडायला दांडा ३० अंश मागे न्यावा लागतो, आणि ४०० मिमी लांबीच्या दांड्याच्या टोकाशी हे अंतर २१० मिमी भरते. कोपऱ्यात किंवा दोन तुळयांच्या मध्ये एवढी जागा नसेल तर रॅचेट नुसते मागेपुढे हलेल आणि ड्रिल जागचे हलणार नाही. मग दाते ४८ का करू नयेत? अडकलेले ड्रिल सोडवताना माणूस अंगाचा भार टाकून ४० किलोचा जोर सहज लावतो. हा जोर २८ मिमी त्रिज्येवरच्या एकाच दात्यावर साडेपाचशे किलोंच्या पुढे जातो. बारा दात्यांच्या चाकावर दात्याची खोली ५ मिमी आणि रुंदी १२ मिमी धरली तर हा भार तो निवांत पेलतो. अठ्ठेचाळीस दात्यांच्या चाकावर तीच खोली दोन मिमीच्याही खाली येते, त्यात मळ आणि कीस साचून खिटी अर्धीच बसली की भार दात्याच्या टोकावर येतो आणि टोके झडू लागतात. जागा खरोखरच कमी असेल तर दाते मोठेच ठेवून अर्ध्या दात्याच्या फरकाने दोन खिट्या बसवणे हा अधिक समंजस उपाय आहे. त्याने हालचाल १५ अंशांवर येते आणि दात्यांची ताकद कायम राहते.

दात्याचा भार घेणारा पृष्ठभाग केंद्राकडे सरळ न जाता किंचित आत कललेला असतो, त्यामुळे जोर वाढतो तशी खिटी बाहेर न ढकलली जाता दात्याच्या बुडाशी ओढली जाते. स्प्रिंगचे काम खिटीला दात्यापर्यंत पोहोचवण्यापुरतेच राहते, आणि म्हणूनच ती नाजूक असली तरी चालते. स्प्रिंग उगाच कडक केली तर परतीच्या फेरीत खिटी स्पिंडललाही उलटे ओढू पाहते आणि ड्रिलची धार कापलेल्या चराच्या उलट दिशेने घासून बोथट होते.

या अवजाराचे मला सर्वांत आवडलेले वैशिष्ट्य असे की त्याला स्वतःचे बेअरिंगच नाही. वरचे बेअरिंग टेकूतला खळगा आणि खालचे बेअरिंग खुद्द पाडले जाणारे भोक. यातून वजन, किंमत आणि बिघाड तिन्ही वाचतात, पण दांड्याचा आडवा जोर या दोन जागांनाच सोसावा लागतो. शिवाय तो जोर नेहमी वर्तुळाच्या एकाच भागात, एकाच बाजूला पडतो, त्यामुळे सुरुवातीला ड्रिल त्या बाजूला कलते आणि भोकाचे तोंड लांबट होते. पंचाचा (ठोकून खूण करायच्या टोकदार सळईचा) ठसा खोल मारणे आणि पहिले काही मिलिमीटर कापेपर्यंत दांड्याची जागा गोल फिरवत राहणे एवढेच यावर करता येते. बारीक ड्रिल रॅचेटमध्ये लावू नये तेही याच कारणाने, कारण आडव्या जोराने ते कापण्याआधीच मोडते.

ड्रिल स्वतः पूर्वी लोहार घडवत असे, भाल्याच्या फाळासारखे चपटे. स्टीफन मॉर्स यांनी १८६३ मध्ये पेटंट घेतलेले पिळाचे ड्रिल कीस वर काढते आणि कमी दाबात कापते, पण आरपार निघताना रुतण्याची खोड त्यालाच जास्त. चपटे ड्रिल खरवडत जाते, दाब जास्त मागते, मात्र हिसके सहन करते आणि कामाच्या जागीच कानशीने किंवा दगडावर धार लावून घेते. रॅचेटचा वेग मिनिटाला जेमतेम सहा फेरे, म्हणजे २० मिमी ड्रिलच्या कडेचा वेग मिनिटाला अर्ध्या मीटरच्याही आत असतो, त्यामुळे धार तापून उतरण्याचा प्रश्नच येत नाही आणि साध्या कार्बन पोलादाचे ड्रिल पुरते. तेल तरीही द्यावे लागते, कारण एवढ्या मंद गतीत पोलादाचे कण धारेला चिकटून बसतात.

मिनिटाला सहा फेरे आणि फेऱ्याला ०.१ मिमी म्हणजे मिनिटाला ०.६ मिमी. माझ्या २० मिमी जाडीच्या पट्टीला या हिशेबाने ३३ मिनिटे लागायला हवी होती. प्रत्यक्षात ५० लागली, त्यातली दहा अडकलेले ड्रिल सोडवण्यात आणि उरलेली दम खाण्यात गेली.