खालचा बुश कोरडा होता

जुलैचा तिसरा आठवडा होता. कळंबोलीत तीन दिवस पावसाने उसंत दिली नव्हती आणि स्टील मार्केटच्या आतल्या रस्त्यांवर पाण्याखाली खड्डा किती खोल आहे ते चाक आत गेल्याशिवाय कळत नव्हतं. सकाळी दहाच्या सुमाराला एक दहाचाकी गॅरेजसमोर थांबली. ड्रायव्हरकाका खाली उतरले आणि बोटं उघडमीट करत तसेच उभे राहिले.

"मिस्त्री, हाताला मुंग्या आल्यात. तळेगावपासून स्टेअरिंग नुसतं मारतंय."

गाडी ओळखीची होती. इथून पत्र्याच्या कॉइल भरून चाकणला जाते, बऱ्याचदा रिकामीच परत येते. शेठनी महिन्याभरात पुढचे दोन्ही टायर नवे टाकले होते, बॅलन्सिंग दोनदा झालं होतं, अलाइनमेंट एकदा. तरी थरथर तशीच.

"किती स्पीडला मारतं?" मी विचारलं.

"स्पीडचं काही नाही बघा. रस्ता चांगला असला की साठलाही गप्प असते. पण खड्डा लागला, पुलाचा जोड लागला की सुरू. मग थांबत नाही. पार पंधरा-वीसवर आणावी लागते, तेव्हा शांत होते. रिकामी असली की जास्तच."

निम्मं निदान काकांनीच करून दिलं होतं. चाकाचं बॅलन्स बिघडलं असेल तर थरथर ठरावीक वेगाला येते आणि तो वेग ओलांडला की कमी होते. ड्रम वाकडा असेल तर ब्रेकवर पाय ठेवला की येते. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टची असेल तर हातापेक्षा सीटखाली जास्त जाणवते. पण एका धक्क्याने सुरू होऊन वेग पाडेपर्यंत न थांबणारी थरथर म्हणजे पुढे कुठेतरी जोड ढिला आहे. दोन्ही चाकं टाय रॉडने बांधलेली असतात. एका चाकाला बसलेला झटका दुसऱ्याकडे जातो, ढिल्या जोडामुळे तो जिरत नाही, उलटा फिरून येतो, आणि चाकं डावी-उजवी नाचत राहतात.

तरी मी काकांच्या शेजारी बसून तळोजाच्या रस्त्याला चक्कर मारली. चाळीसवर एक साधा खड्डा लागला आणि स्टेअरिंग काकांच्या हातातून सुटायला बघू लागलं. या अवस्थेत हा माणूस भरल्या गाडीने बोरघाट चढत होता आणि रिकाम्या गाडीने उतरत होता.

परत आल्यावर आधी टायरवर तळहात फिरवला. एका दिशेने गुळगुळीत, उलट फिरवला तर करवतीसारखे दाते. महिन्याभरापूर्वीचे टायर! अ‍ॅक्सलच ढिला असताना केलेल्या अलाइनमेंटला काही अर्थ नसतो. यंत्रावर आकडे बरोबर दिसतात, रस्त्यावर पहिल्याच धक्क्याला बदलतात.

मागची चाकं अडवली, पुढचा अ‍ॅक्सल जॅकवर घेतला, खाली ठोकळे लावले. उजवं चाक वरून-खालून धरून हलवलं तर खुडखुड लागली. हाताखालच्या पोराला ब्रेक दाबून धरायला सांगितलं आणि परत हलवलं. खुडखुड गायब. म्हणजे हबचं बेअरिंग ढिलं, घट्ट करून भागलं. डावीकडे मात्र ब्रेक दाबल्यावरही चाक हलतच राहिलं. ती किंगपिन होती, म्हणजे ज्या उभ्या पिनेवर पुढचं चाक वळतं ती.

गाडी खाली टेकवली, इंजिन चालू केलं, काकांना स्टेअरिंग थोडं थोडं डावं-उजवं करायला सांगून मी टॉर्च घेऊन खाली सरकलो. टाय रॉडचं डावं टोक चाक वळायच्या आधी स्वतः उडी मारत होतं. त्याहून वाईट म्हणजे डाव्या पाट्याचा (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगचा) मागचा शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चासीला जोडणारी कडी, हलत होता. पहार लावली तर पिन बुशात, म्हणजे तिच्याभोवतीच्या नळीत, बोटभर जागेत फिरत असल्यासारखी खाली-वर झाली. शॅकल असा झिजला की पाटा जागेवर राहत नाही, अ‍ॅक्सलचा कोन बदलतो आणि चाकांची आपोआप सरळ होण्याची ताकद जाते.

शेठना फोन केला. रात्री माल भरायचा होता. "मिस्त्री, टाय रॉड एंड टाक आणि सोड गाडी. बाकी रविवारी बघू."

"शेठ, या गाडीवर मी माझा माणूस घाटात पाठवणार नाही. तुम्हीही पाठवू नका."

पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. मग म्हणाले, "कर पूर्ण."

किंगपिनची लॉक पिन गंजून बसली होती. घण, तेल, शेवटी गॅसची ज्योत. दुपारचे तीन वाजले. किंगपिन निघाली तेव्हा वरचा बुश ठीक होता, ग्रीस काळं पण ओलं. खालचा बुश पूर्ण कोरडा. आतून लालसर भुकटी गळाली, आणि पिन एका बाजूने इतकी झिजली होती की नखाला कड लागत होती. खालच्या ग्रीस निपलवर, म्हणजे ग्रीस आत भरायच्या तोंडावर, चिखलाचा दगडासारखा थर, त्याखाली रंग, आणि रंगाखाली निपलचं तोंड बंद.

मी तिथेच बसून राहिलो. मे महिन्यात हीच गाडी ब्रेक लायनिंगसाठी माझ्याकडे आली होती आणि ग्रीसिंगही माझ्याच गॅरेजात झालं होतं. पोराने ग्रीस गन लावली असणार, ग्रीस बाजूने बाहेर आलं असणार, त्याने ते पुसलं असणार आणि मी बिलावर ग्रीसिंग लिहिलं. एका ग्रीसिंगने किंगपिन जात नाही, ती त्याच्या कितीतरी आधीपासून कोरडी होती. पण मे महिन्यात मी खाली वाकून पाहिलं असतं तर टायर वाचले असते, आणि काकांनी दोन महिने हे स्टेअरिंग धरलं नसतं.

पोराला ओरडलो नाही. त्याला शेजारी बसवून तो बुश हातात दिला.

पुढचं काम रात्री अकरापर्यंत चाललं. नवे बुश दाबून बसवले, भोक मापात आणणाऱ्या लांब रीमरने वरचा आणि खालचा एकाच रेषेत फिरवून घेतले. माझ्या उस्तादांनी शिकवलेली कसोटी मी अजून लावतो: तेल लावलेली पिन सोडली तर धपकन पडायला नको, अडकायलाही नको, स्वतःच्या वजनाने हळू उतरायला हवी. थ्रस्ट बेअरिंग नवं, वर शिमची पातळ चकती. उजवी किंगपिनही जोडीनेच बदलली. शॅकलच्या पिना, बुश, टाय रॉडची दोन्ही टोकं, सगळ्या स्प्लिट पिना नव्या. डावा पाटा अ‍ॅक्सलला बांधणारे यू बोल्टही उघडले होते, तेही नवेच टाकले, आडवे-तिडवे थोडे थोडे करत आवळले. शेवटी टायरवर खडूने खूण करून पुढून आणि मागून मापं घेतली, टो-इन, म्हणजे चाकं पुढून किंचित आत ठेवायचं माप, बसवलं.

शेठ बिल बघायला आले तेव्हा मी मजुरीची ओळ खोडली आणि मे महिन्याचं सगळं सांगितलं. ते काही बोलले नाहीत. सुट्या भागांचे पैसे मोजले, आणि जाताना काकांना म्हणाले, "आज झोपा, माल उद्या भरू."

पाच दिवसांनी चाकणची फेरी करून गाडी यू बोल्ट पुन्हा आवळायला आली. नव्या बोल्टांवर भार बसला की ते थोडे सैल पडतातच. प्रत्येकाने जवळजवळ पाव फेरा घेतला. मी आवळत होतो, तेवढ्यात पोरगा न सांगता तारेचा ब्रश घेऊन खाली शिरला. खालचं निपल घासलं, गन लावली. काही वेळाने आतून त्याचा आवाज आला, "मिस्त्री, खालून निघतंय." मी वाकून बघितलं. बुशाच्या कडेने स्वच्छ, नवं ग्रीस बाहेर येत होतं.