चिंध्यांखालचं कापड

गोधडी बघणारं माणूस चिंध्या बघतं. हा इरकलीचा काठ, ती सदऱ्याची चौकट, ते खणाचं टोक. या सगळ्यांना धरून बसलेल्या खालच्या कापडाकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. चिंध्यांचे रंग जुळवायला दोन दिवस घालवणारी बाईसुद्धा ते कापड मात्र हाताला लागेल ते घेते. मग दोन धुण्यांत गोधडी आखडते, नाहीतर टाक्याच्या रेघेवरच फाटते, आणि बोल लागतो दोऱ्याला.

खाली कापड लागतं कशाला? शिंप्याकडून आणलेल्या चिंधीचा उभा धागा कुठला आणि आडवा कुठला, याचा पत्ता नसतो. निम्म्या चिंध्या तर उरेब, म्हणजे धाग्याला तिरक्या कापलेल्याच निघतात. दोन उरेब कडा एकमेकींना शिवल्या की शिवण ताणते, लाटेसारखी हलते आणि चौकोनाचा पतंग होतो. खाली सरळ धाग्याचं कापड असलं की ताण तेच पोटात घेतं, वरची पट्टी मग कशीही कापलेली का असेना.

खालच्या कापडाचे चौकोन कापायचे, त्यांवर चिंध्यांच्या पट्ट्या शिवायच्या आणि मग ते चौकोन जोडून गोधडी करायची. तयार चौकोन सहा इंचांचा हवा असेल, तर शिवणीसह तो साडेसहाचा लागतो आणि खालचं कापड सातचं कापावं लागतं. पहिली पट्टी कोपऱ्यातून कोपऱ्यात, सुलट बाजू वर. दुसरी तिच्यावर पालथी, कडेला कड लावून, आणि पाव इंचावर तिन्ही थरांतून शिवण. पट्टी उलगडायची, नखाने दाबायची, की पुढची. चौकोन भरला की पालथा घालून साडेसहावर छाटायचा. तो जादा अर्धा इंच उधळपट्टी वाटतो खरा, पण प्रत्येक शिवण कापड केसभर आत ओढते. सात-आठ पट्ट्यांनंतर नेमका तोच अर्धा इंच कामाला येतो.

60 बाय 90 इंचांच्या गोधडीला असे 150 चौकोन लागतात. 44 इंच पन्ह्यात सात इंची चौकोन एका ओळीत सहा बसतात, म्हणजे पंचवीस ओळी, जवळजवळ साडेचार मीटर. एका पाचवारी साडीत काम भागतं, साडी धड असेल तर.

धड आहे की नाही, हे उजेडासमोर धरल्यावर कळतं. निऱ्यांचा भाग आणि पायाकडचा काठ आधी विरतो. तिथे धागे जाळीसारखे दिसले, की तो भाग कापून टाकायचा. दोन्ही अंगठ्यांत धरून झटका द्यायचा; चर्र आवाज आला तर पोतेऱ्याला ठेवायचं. विरलेल्या कापडावर दणकट चिंध्या शिवल्या, की प्रत्येक धुण्यात चिंध्या ओढतात आणि खालचं कापड टाक्याच्या भोकांतून उसवतं.

माझं मत विचाराल तर जुन्या सुती धोतराला तोड नाही. जेवढं आटायचं तेवढं ते आटून गेलेलं असतं, पांढरं असल्यामुळे फिक्या चिंधीतून काही डोकावत नाही आणि सुई लोण्यात शिरल्यासारखी जाते. नवी मलमल हलकी आणि छान, पण सुळसुळीत. कापण्याआधी तिला पातळ खळ दिली तर ती ताळ्यावर राहते. मांजरपाट स्वस्त आणि भरवशाचा, मात्र त्यातली खळ आधी काढायलाच हवी. गरम पाण्यात रात्रभर भिजवून, धुऊन, वाळवून मग कात्री. नव्या सुती कापडाने नुसतं पाच टक्के अंग चोरलं, तरी 90 इंचांत साडेचार इंच गेले! वरच्या धुतलेल्या चिंध्या तेवढ्या आटत नाहीत, म्हणून त्यांचे फुगे येतात.

घट्ट विणीची पलंगपोसाची चादर मशीनवर चालते. हाताने टाके घालायचे असतील तर बोटं सोलून निघतात. टेरिकॉट आणि सिंथेटिक साड्या नकोच. सुती चिंधी दाबायला इस्त्री तापवावी, तर खालचं कापड आकसतं. गडद रंगाची सुती साडी घ्यायचीच असेल, तर ओल्या पांढऱ्या फडक्यावर ठेवून इस्त्री फिरवा. फडकं रंगलं तर बेत रद्द.

कापडाऐवजी खाली कागदही चालतो; शिवून झालं की तो फाडून काढायचा. अमेरिकेत 1930च्या मंदीत बायका वर्तमानपत्राच्या चौकोनांवर पट्ट्या जोडत. कधी मागचा कागद तसाच राहिलेला असतो आणि त्यावरच्या तारखेवरून, काम त्याआधीचं नाही एवढं तरी कळतं. कागदावर टाका दीड मिलिमीटरचा ठेवायचा. लांब ठेवला तर कागद फाडताना टाकेच ढिले होतात. शाई फिक्या चिंधीला लागते, सुई लवकर बोथट होते, पण गोधडीचं वजन वाढत नाही. कापड आत कायमचं राहतं, म्हणून ते शक्यतो हलकंच घ्यावं.

कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी (मूळ आफ्रिकी वंशाच्या) बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, शिवतात, तिथे चौकोनांची भानगडच नाही. अख्खी साडी जमिनीवर अंथरायची, कोपऱ्यापासून सुरुवात करायची आणि ठिगळांच्या कडा आत मुडपत, कडेकडेने फिरत मध्यापर्यंत यायचं. चार कोपऱ्यांना घडी घातलेल्या तिकोनी तुकड्यांची फुलं. मुडपलेल्या कडेवर सुईला तीन थर भेदावे लागतात, त्यामुळे साडी मऊच हवी आणि अंथरतानाच तळहाताने नीट सारखी केलेली हवी. काठाशी राहिलेली सैल सुरकुती टाक्यांपुढे सरकत जाते आणि शेवटचं ठिगळ लावायच्या वेळी बरोब्बर मधोमध पापडासारखी फुगून बसते.