गडद निळ्या गाडीसाठी पॉलिश आणि वॅक्स निवडताना

आमची गाडी सेकंडहँड घेतलेली, गडद निळी, मेटॅलिक रंगाची. कोथरूडमधल्या आमच्या जुन्या सोसायटीत झाकलेलं पार्किंग मोजक्याच लोकांना आहे, बाकीच्यांनी कंपाउंडलगत आंब्यांखाली गाड्या लावायच्या. जानेवारी-फेब्रुवारीत मोहोरावर तुडतुडे आले की त्यांचा चिकटा टपावर आणि काचेवर बारीक तुषारांसारखा पडतो. त्यावर बांधकामांची धूळ बसते. उन्हाळ्यात टँकर सुरू झाला की पाणी बोअरचं येतं. त्यात क्षार इतके, की थेंब उन्हात वाळले तर मागे पांढरी वर्तुळं राहतात. वर रोज सकाळी गाड्या पुसणारे दादा एकाच बादलीत, एकाच फडक्याने वीस-पंचवीस गाड्या करतात. पांढऱ्या गाडीवर हे सगळं खपून जातं. गडद निळ्यावर ऊन तिरपं पडलं की बॉनेटभर गोल गोल बारीक चरे दिसतात.

दरवर्षी हे असंच वाढू द्यायचं नाही असं ठरवून आधी एका डिटेलिंगवाल्याकडे चौकशी केली. त्याने थेट सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर चढवायचा कडक पारदर्शक थर, सुचवलं, ‘नाइन एच’ म्हणजे दगड लागला तरी काही होणार नाही, असं सांगितलं. घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की हे नाइन एच पेन्सिलीच्या कठीणपणाचं मोजमाप आहे. वेगवेगळ्या कठीणपणाच्या पेन्सिली थरावर घासून बघतात, त्यातली ९एच ही सगळ्यांत कडक. हिऱ्याला १० गुण देणाऱ्या मोझच्या मोजपट्टीशी तिचा संबंध नाही. कोटिंग वाईट नाही, चांगल्या हाताने केलं तर काही वर्षं टिकतं. पण खालचे चरे न काढता वर चढवलं तर ते चरे त्याखाली तसेच राहतात. म्हणजे आधी रंगाकडेच बघायला हवं होतं.

ते बघायला मी आमच्या ओळखीच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्या काकांकडे गेले. त्यांच्याकडे रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र आहे. बॉनेट, टप, डिकी, सगळीकडे १०० ते ११५ मायक्रॉन आलं (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). मागच्या डाव्या दरवाजावर मात्र २३० च्या वर. काका म्हणाले, “ताई, हा दरवाजा पुन्हा रंगवलाय. इथे हात हलका ठेवा. गॅरेजचा क्लिअर कंपनीच्या क्लिअरइतका कडक नसतो.” कारणही त्यांनी सांगितलं. कारखान्यात क्लिअर, म्हणजे सगळ्यांत वरचा पारदर्शक थर, साधारण १४० अंशांवर भाजतात. गॅरेजमध्ये तेवढी उष्णता देता येत नाही, वायरिंग, काचा आणि प्लॅस्टिक आधीच बसवलेलं असतं. त्यामुळे बूथमध्ये ६०-७० अंशांवरच काम भागवावं लागतं.

हे आकडे मला फार महत्त्वाचे वाटले, कारण ते सगळ्या थरांचे मिळून आहेत. पत्र्यावर आधी विजेच्या साहाय्याने चढवलेला गंजरोधक थर, मग प्रायमर, मग रंग आणि सगळ्यांत वर पारदर्शक क्लिअर कोट. हा क्लिअर साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ. चमक याचीच असते आणि उन्हातल्या अतिनील किरणांना अडवणारी द्रव्यंही यातच असतात. पॉलिशमध्ये घासणारे अतिबारीक कण असतात. ते चरा भरत नाहीत, चऱ्याच्या आजूबाजूचा क्लिअर घासून त्याच्या पातळीला आणतात. घासलेला थर परत येत नाही. मशीनवर कडक कंपाउंड, म्हणजे जास्त घासणारं पॉलिश, फिरवलं तर एका खेपेतच काही मायक्रॉन जाऊ शकतात, आणि क्लिअर फार पातळ झाला की काही वर्षांनी त्याचे पापुद्रे सुटतात. वॅक्स मात्र वर बसतं, झिजतं, पुन्हा लावता येतं. बँकेच्या भाषेत सांगायचं तर पॉलिश मुद्दलातून खर्च करतं आणि वॅक्स ते मुद्दल राखतं. तेव्हाच ठरवलं की पॉलिश शक्य तितकं सौम्य घ्यायचं, एकदाच करायचं, आणि मग सगळा भर वॅक्सवर द्यायचा.

खरेदीला नाना पेठेत गेले. स्पेअर पार्ट्सच्या दुकानांमध्ये गाडीच्या देखभालीची दुकानंही बरीच आहेत. काउंटरवर मात्र सगळ्या डब्यांना ‘पॉलिश’च म्हणतात. रबिंग कंपाउंड, फिनिशिंग पॉलिश, पेस्ट वॅक्स, सीलंट, वरून फवारायचे स्प्रे, सगळं एकाच फळीवर. दुकानदाराने प्रेमाने सांगितलं, “मॅडम, रबिंग घ्या, एका हातात चकाचक.” चकाचक होतं हे खरंच आहे, पण ते कशाच्या जिवावर, हे मला आता माहीत होतं. मी प्रत्येक डब्याची मागची बाजू वाचत उभी राहिले. कट, कंपाउंड, स्क्रॅच रिमूव्हर असं लिहिलं असेल तर ते घासणारं. वॅक्स, सीलंट, प्रोटेक्शन असेल तर ते वर बसणारं. ‘क्लीनर वॅक्स’ किंवा ‘थ्री इन वन’ असेल तर दोन्ही थोडं थोडं. नव्या, न खरचटलेल्या गाडीला साधं वॅक्सच पुरतं, असं माझं स्पष्ट मत आहे. वर्षातून दोनदा सवयीने रबिंग करून घेणाऱ्यांची तर मला काळजी वाटते.

मी एक सौम्य फिनिशिंग पॉलिश घेतलं. कंपाउंड मुद्दाम घेतलंच नाही.

प्रत्यक्ष काम घासण्यापासून सुरू होत नाही. आधी गाडी शाम्पूने धुतली, भांड्यांच्या साबणाने नाही. दोन बादल्या, एक शाम्पूची आणि एक हातमोजा खळबळून घ्यायची. मग लोहकण विरघळवणारा स्प्रे मारला. ब्रेक घासून उडणारी लोखंडाची बारीक भुकटी रंगात रुतून बसलेली असते. स्प्रे मारल्यावर ती जांभळी होऊन ओघळायला लागते. आमच्या मागच्या बंपरवर आणि चाकांच्या वर तर जांभळे ओघळच ओघळ होते. त्यानंतर क्ले, म्हणजे मळलेल्या कणकेसारखी वडी. भरपूर ओल ठेवून ती हलक्या हाताने सरळ रेषेत फिरवायची, आणि खाली पडली तर टाकून द्यायची, उचलून वापरायची नाही. क्लेची गरज आहे का हे बघायची सोपी रीत म्हणजे हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून रंगावरून बोटं फिरवायची. उघड्या हाताला गुळगुळीत वाटणारं बॉनेट पिशवीतून खरखरीत लागतं.

पॉलिश आधी चिकटपट्टी लावून बॉनेटच्या फूटभर चौकोनात करून बघितलं. भाच्याने त्याचा ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशर दिला होता. हा फिरताना थरथरतोही, त्यामुळे एका जागी उष्णता साठत नाही आणि नवख्या हातालाही झेपतो. गॅरेजमधलं नुसतं गोल फिरणारं बफिंग मशीन मी घेतलं नसतं, कडांवर तेवढ्यात क्लिअर उडतो. मऊ फोमचा पॅड, वाटाण्याएवढे पॉलिशचे चार ठिपके, संथ गती. मग तो चौकोन आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये निम्मं पाणी घालून पुसला. हे पुसणं टाळू नये. पॉलिशमधली तेलं चऱ्यांमध्ये भरून राहतात आणि चरा गेल्याचा भास होतो. तेल निघाल्यावर जे दिसतं तेच खरं. आमच्या चौकोनात बहुतेक गोल चरे गेले होते, दोन-तीन खोल ओरखडे उरले. नख अडकतं असा ओरखडा पॉलिशच्या आवाक्यातला नसतो. ते तसेच ठेवले आणि उरलेली गाडी त्याच पॉलिशने, त्याच पॅडने केली. रंगवलेल्या दरवाजावर मशीन न वापरता हातानेच केलं.

वॅक्स निवडायला मात्र पॉलिशपेक्षा जास्त वेळ लागला, आणि लागायलाच हवा होता. कार्नोबा वॅक्स ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडाच्या पानांवरून मिळतं. नैसर्गिक मेणांमध्ये ते फार कडक, ८२ ते ८६ अंशांना वितळणारं. गडद रंगावर त्याचा उजाळा खोल दिसतो, आणि आमच्या निळ्यावर तो मला सगळ्यांत आवडला. पण उघड्यावरच्या गाडीवर ते एक-दोन महिन्यांपलीकडे टिकेल असं धरू नये. पुण्याच्या मे महिन्यातलं ऊन आणि त्यानंतरचे चार महिने पाऊस असताना तर नाहीच. सिंथेटिक सीलंट, म्हणजे रसायनांपासून बनवलेलं वॅक्ससारखंच वर बसणारं, दिसायला थोडं काचेसारखं, कोरडं वाटतं, पण चार-सहा महिने साथ देतं. म्हणून दोन्ही घेतलं आणि वर्ष वाटून दिलं. मेच्या शेवटी, पावसाआधी, सीलंट. पाऊस संपून दसऱ्याच्या आधी कार्नोबा, आणि मोहोर येण्याआधी त्याचाच आणखी एक हात.

लावायचं सावलीत आणि गार पत्र्यावरच. आमच्याकडे सकाळी साडेसातच्या आत उरकावं लागतं. थर जितका पातळ तितका चांगला, जास्त लावलं तर पुसताना फक्त हात दुखतात. काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर चिकटपट्टी लावावी, नाहीतर तिथे पांढरं बसतं आणि निघता निघत नाही.

गाडी पुसणाऱ्या दादांशीही बोलले. “दादा, रोज नको, आठवड्यातून दोनदाच धुवा, पण कोरडं फडकं मारू नका,” असं सांगून त्यांना आमच्या गाडीसाठी वेगळे मायक्रोफायबर आणि वेगळी बादली दिली. पैसे तेवढेच ठेवले. त्यांना ते पटलं, आता शेजारच्या काळ्या गाडीचंही ते तसंच करतात. सासूबाईंना दसऱ्याला बॉनेटवर कुंकवाचं ओलं स्वस्तिक काढायचं असतं. ते त्या काढतातच, पूजा झाली आणि चक्कर मारून आलो की मी ओल्या कापडाने लगेच टिपून घेते. पक्ष्यांच्या विष्ठेचंही तसंच आहे. वॅक्स तिला पूर्ण थांबवत नाही, फक्त थोडा वेळ मिळवून देतं, म्हणून पाण्याची छोटी फवारणीची बाटली आणि एक कापड दाराच्या खणात कायम असतं.

पावसाळा संपल्यावर गाडीवर पाणी मारून बघितलं. दारांवर आणि डिकीवर थेंब अजून गोल उभे राहत होते. टपावर आणि बॉनेटवर मात्र पाणी चपटं पसरत होतं, तिथला थर संपला होता. झाडाखालचा, उन्हातला भाग आधी संपणार हे उघडच आहे. त्यामुळे आता सीलंटचा दुसरा थर फक्त टप आणि बॉनेटवर, ऑगस्टमध्ये उघडीप मिळेल त्या रविवारी लावते. बाकी गाडीला तो लागत नाही.